ब्रॉयलरच्या पोटात दर बॅचला पाणी होतंय? हृदयाची गोळी पाजण्याआधी हे तपासा

पक्षी अठ्ठावीस दिवसांचे झाले की आमच्या शेडमध्ये तेच सुरू व्हायचं. बॅचमधला सगळ्यात भरलेला, वजनाला सगळ्यात पुढे असलेला नर कोपऱ्यात जाऊन बसायचा. लालबुंद तुरा जांभळट पडायचा. उचलून घेतला की पोट पाण्याच्या पिशवीसारखं डुचमळायचं, चोच उघडी आणि घशात घरघर. दोन-तीन दिवसांत तो मेलेला सापडायचा. मागे राहिलेली बारकी पिल्लं मात्र तरतरीत फिरत असायची. सलग चार बॅचना हे झालं. अँटिबायोटिक दिलं, लिव्हर टॉनिक दिलं, पिल्लांची हॅचरी बदलली, तरी पाचव्या आठवड्याची मरतुक काही हटेना.

माझं शेड कुडाळ तालुक्यात, कर्ली खाडीच्या काठाला आहे. क्षमता दोन हजार पक्ष्यांची. कंपनीशी करार नाही, पिल्लं आणि खाद्य स्वतःच्या पैशाने घेतो आणि आसपासच्या चिकनवाल्यांना पक्षी देतो. त्यामुळे काय चुकतंय हे सांगायला कुणी सुपरवायझर येत नाही, आपणच शोधावं लागतं. शोधताना मी जी मोठी चूक केली ती आधी सांगतो, कारण तीच चूक करायच्या बेतात असलेले दोघेजण या वर्षभरात मला भेटले.

आमच्या आबांना हृदयाचा त्रास आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांचे पाय इतके सुजायचे की चपलेचा अंगठा चढत नसे. डॉक्टरांनी फ्युरोसेमाईड (अंगातलं पाणी काढणारी गोळी) आणि डिगॉक्सिन (हृदयाचा ठोका जोरकस करणारी गोळी) सुरू केलं आणि आठवड्याभरात सूज उतरलेली मी डोळ्यांनी पाहिली. शेजारच्या तात्यांनीही ती पाहिली होती. पोट फुगलेला पक्षी त्यांना दाखवला तर ते म्हणाले, "आबांका जी पाणी काढूची गोळी देतंत, तीच घाल मां पाण्यात. कोंबडो काय नि माणूस काय, काळीज ता काळीजच." मला ते पटलं. पोट जड वाटणारे साठ पक्षी जाळी लावून वेगळे केले आणि फ्युरोसेमाईडच्या गोळ्या कुटून त्यांच्या ड्रिंकरमध्ये घातल्या. डिगॉक्सिनला हात लावला नाही, एवढं तरी माझं नशीब.

पहिल्या दिवशी तीन-चार पक्ष्यांची पोटं खरंच थोडी सैल लागली आणि मला वाटलं, सापडला उपाय. दुसऱ्या दिवशी त्या जाळीतला ड्रिंकर नेहमीच्या दुप्पट वेगाने रिकामा होऊ लागला. विष्ठा पाण्यासारखी झाली. तिसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात जमिनीवर अंथरलेलं तूस चिखल झालं होतं आणि खाली वाकलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे. पस्तिसाव्या दिवशी वजन केलं तर या पक्ष्यांचं सरासरी वजन शेडमधल्या इतरांपेक्षा चांगलंच कमी भरलं. फुगलेले होते ते मेलेच, पण न फुगलेलेही काही मेले. त्यांना उघडलं तेव्हा मूत्रपिंडावर आणि काळजाच्या आवरणावर खडूची पूड टाकल्यासारखा पांढरा थर होता. याला गाऊट म्हणतात. कोंबडी शरीरातला नत्राचा कचरा युरिक अॅसिडच्या रूपात टाकते, आणि अंगातलं पाणी कमी पडलं की ते अॅसिड आतच साठतं. पाणी काढायची गोळी मी पाजली होती, त्यामुळे हा थर कुठून आला हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. ते रागावले नाहीत. त्यांनी एक मेलेला पक्षी उघडला, हृदय कापून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "बघ, उजवी बाजू केवढी झालीय. पाणी पोटात दिसतंय, पण दुखणं तिथे नाही."

पाणी येतं कुठून

हे समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे थोडा वेळ घालवतो.

आपली छाती फुगते तशी कोंबडीची फुप्फुसं फुगत नाहीत. ती बरगड्यांना घट्ट चिकटलेली असतात आणि हवा आत-बाहेर करायचं काम वायुकोश करतात. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्याही फारशा ताणत नाहीत. म्हणजे रक्त जायचा रस्ता ठरावीक रुंदीचा, आणि तो रुंद करायची सोय नाही.

आता ब्रॉयलरची वाढ बघा. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातं. एवढं मांस पोसायला प्राणवायू लागतो, तो पुरवायला हृदयाला जास्त रक्त फुप्फुसांतून ढकलावं लागतं. रस्ता अरुंद आणि वाहतूक वाढलेली, त्यामुळे फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढतो. तो दाब उजव्या कप्प्याला पेलावा लागतो, म्हणून उजव्या कप्प्याची भिंत जाड होते. इथे पक्ष्यांचं एक वेगळेपण आडवं येतं. आपल्या हृदयाची उजवी झडप पातळ पडद्यांची असते, कोंबडीची मात्र स्नायूची, उजव्या कप्प्याच्याच मांसाची बनलेली असते. कप्पा जाड झाला की झडपही जाड होते आणि नीट मिटेनाशी होते. रक्त उलट फिरून यकृतात तुंबतं, आणि तुंबलेल्या यकृताच्या पृष्ठभागावरून पिवळसर पाणी पोटात पाझरतं. प्राणवायू कमी पडतोय म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं, त्याने रक्त दाट होतं आणि त्याच अरुंद रस्त्यातून ते ढकलणं आणखी जड जातं. एकदा हे चक्र सुरू झालं की ते स्वतःलाच पोसत राहतं.

या रोगाला असायटिस म्हणतात, आपल्याकडचे पोल्ट्रीवाले सरळ 'पोटात पाणी' म्हणतात. त्याची मोठी चर्चा आधी झाली ती बोलिव्हिया, पेरू, मेक्सिको अशा उंचावरच्या मुलखात, जिथे हवाच विरळ असते. त्यामुळे समुद्राकाठच्या माणसाला वाटतं, हा आपला रोग नव्हे. मलाही तसंच वाटलं होतं. पण वाढीचा वेग वाढत गेला तसा हा रोग समुद्रसपाटीलाही आला. त्याला डोंगर लागत नाही. प्राणवायूची मागणी आणि पुरवठा यांत दरी पडली की पुरे.

आता गोळीकडे परत येऊ. पोटातलं पाणी हे या साखळीचं शेवटचं टोक. फ्युरोसेमाईड फक्त त्या टोकाला ओढतं. अरुंद रस्ता, चढलेला दाब, दाट रक्त हे सगळं तसंच राहतं, उलट अंगातलं पाणी गेल्यावर रक्त आणखीच दाट होतं.

हृदयाची औषधं आणि ब्रॉयलर

प्रामाणिकपणे सांगायचं तर फ्युरोसेमाईड अगदीच निरुपयोगी नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत, मुद्दाम गारव्यात वाढवलेल्या ब्रॉयलरच्या खाद्यात ते मोजून मिसळलं गेलं आणि पोटात पाणी होण्याचं प्रमाण कमी झालं. पण तिथे औषध रोग होण्याआधीपासून होतं, प्रत्येक किलो खाद्यातलं प्रमाण ठरलेलं होतं, आणि रोग कसा होतो हे समजून घेणं हा हेतू होता. माझ्याकडे आधीच फुगलेले पक्षी होते, अंदाजपंचे कुटलेल्या गोळ्या होत्या, आणि ज्याला तहान जास्त तो जास्त औषध पिणार अशी व्यवस्था होती. शिवाय हे औषध मूत्रपिंडातल्या एका लांब वळणावर काम करतं. माणसाच्या मूत्रपिंडात अशी वळणं सगळीकडे असतात, कोंबडीच्या मूत्रपिंडातल्या बहुतेक नलिकांना ते वळणच नसतं. त्यामुळे माणसाचा डोस वजनाने भागून कोंबडीला लावणं हा हिशेबच चुकीचा आहे.

डिगॉक्सिनबद्दल जास्त कळकळीने सांगतो. हे औषध हृदयाचा ठोका जोरकस करतं, पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फारच थोडं. माणसातही मात्रा जास्त झाली की पहिली खूण म्हणजे अन्नावरची वासना उडते. ज्या पक्ष्याचं सगळं गणित खाण्यावर चालतं, त्याची भूक गेली तर वाढ तिथेच थांबली. त्यात फ्युरोसेमाईडने पोटॅशियम बाहेर जातं, आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनचा विषार वाढतो. आबांना म्हणूनच अधूनमधून रक्त तपासायला न्यावं लागतं. दोन हजार पक्ष्यांचं रक्त कोण तपासणार? आणि झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या हृदयाचे ठोके मुळातच चुकण्याकडे झुकलेले असतात. बरा दिसणारा पक्षी एकदम फडफडून उताणा पडतो आणि मिनिटाभरात मरतो, ते यामुळेच.

रक्तदाबाच्या गोळ्यांचं निराळं. पोटात पाणी झालेल्या ब्रॉयलरमध्ये दाब वाढतो तो फक्त फुप्फुसाच्या बाजूला, बाकी अंगातला दाब उलट कमी झालेला असतो. तिथे रक्तदाब उतरवणारी गोळी घालणं म्हणजे आधीच मंद झालेल्या पक्ष्याला आणखी मंद करणं. फुप्फुसाच्याच धमन्या सैल करणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या औषधांचे प्रयोग ब्रॉयलरवर झाले आहेत आणि शास्त्र म्हणून ते बरोबर दिशेचे आहेत. पण ते प्रयोगशाळेत ठीक, चिकनच्या गाळ्यावर जाणाऱ्या पक्ष्यासाठी नव्हे.

जुन्या लोकांकडून सर्पगंधेचं नाव निघतं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलात ती मिळते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. पुढे तिच्यातून काढलेलं रेसर्पिन टर्कीलाही देत असत, कारण टर्कीच्या नरांत वाढलेल्या दाबाने महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) फुटून मरतुक व्हायची. तिथे अंगातला रक्तदाब हेच कारण होतं, म्हणून ते औषध योग्य होतं. ब्रॉयलरच्या पोटातल्या पाण्याला ते लागू नाही, याचं कारण वर आलंच. अर्जुनसादड्याच्या सालीचा काढा आमच्या वाडीत दोघांनी पाजून पाहिला. अपाय दिसला नाही, फरकही दिसला नाही.

आणि हा पक्षी कुणीतरी खाणार आहे. माणसाच्या गोळीच्या पाकिटावर कोंबडीचा डोस छापलेला नसतो, आणि औषध बंद केल्यावर किती दिवसांनी पक्षी कापायचा हेही छापलेलं नसतं. आमच्या भागात चिकन घेणाऱ्यांत आबांसारखे हृदयरोगीही आहेत, बाळंतिणी आहेत. त्या साठ पक्ष्यांतले जे वाचले तेही मी विकले नाहीत. खड्डा खणून चुना टाकून पुरले.

मग खरा दोष कुठे सापडला

डॉक्टर जाताना एक प्रश्न विचारून गेले: "आबांना गोळीआधी काय सांगितलं होतं?" मीठ कमी करा, हे सांगितलं होतं. घरात आबांची आमटी वेगळी निघते.

मी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. एप्रिल महिना होता. पाणी मचूळ लागलं. दरवर्षी शिमगा झाला की ते मचूळ लागतं, त्यात आम्हाला नवल वाटेनासं झालंय. पिण्यासाठी आम्ही नळाचं भरतो, विहिरीचं पाणी वापरायला आणि पक्ष्यांना. पावसाळ्यानंतर विहिरीत गोड पाण्याचा थर जाड असतो, तो उन्हाळ्यात उपसून खाली गेला की खाडीचं खारं पाणी आत सरकतं.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, आणला. खिशात मावणारं, काही शे रुपयांचं यंत्र आहे, प्रत्येक खाडीकाठच्या पोल्ट्रीवाल्याकडे असायलाच हवं. आकडा आला २६००, म्हणजे लिटरमागे २६०० मिलिग्रॅम क्षार. अमावास्येच्या उधाणानंतर पुन्हा मोजलं तर त्याहून वर. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळात फार हलकं असतं, म्हणून आमच्याकडे आकडा असा चढला की ती वाढ समुद्राचीच समजायची. कोंबड्यांसाठी १००० पर्यंत पाणी निर्धोक मानतात. १००० ते ३००० मध्ये विष्ठा पातळ होऊ शकते. ३००० च्या वर वाढ खुंटते आणि मरतुक वाढते, ५००० च्या वरचं पाणी कोंबड्यांना चालतच नाही.

हिशेब करून पाहिला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात सोडियम जवळपास पावणेअकरा ग्रॅम. माझ्या आकड्यावरून विहिरीच्या शंभर भागांत सहा-सात भाग समुद्र शिरला होता, म्हणजे लिटरमागे साधारण ७०० मिलिग्रॅम सोडियम. पक्षी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे एक किलो खाद्याबरोबर दीड ग्रॅमच्या आसपास सोडियम पाण्यातूनच पोटात. खाद्यात तयार करतानाच किलोमागे दीड-दोन ग्रॅम सोडियम घातलेलं असतं, आणि पक्ष्याला तेवढंच लागतं. म्हणजे मी जवळजवळ दुप्पट मीठ चारत होतो. त्यावर उन्हाळा म्हणून इलेक्ट्रोलाइट आणि खायचा सोडा पाण्यात घालत होतो, तेही सोडियमच. फिनिशर, म्हणजे शेवटच्या आठवड्यांतलं खाद्य, स्वस्तात पडावं म्हणून बाजारातून सुक्या मासळीचा चुरा आणून मिसळत होतो, तो खारवलेला.

मिठाने रक्ताचं आकारमान वाढतं, आणि तांबड्या पेशी ताठर होऊन बारीक वाहिन्यांतून वाकून जाईनाशा होतात. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत मुळातच केंद्रक असतो, त्या आपल्या पेशींइतक्या लवचिक नसतात. अरुंद रस्त्यात रक्तही जास्त आणि गाड्याही ताठ. आता माझ्या गोळीने काय केलं ते नीट दिसेल: गोळीने पाणी काढलं, तहान वाढली, आणि तहान भागवायला समोर ठेवलं होतं तेच मचूळ पाणी.

पण एवढ्यावर प्रकरण मिटलं नाही. डिसेंबर-जानेवारीच्या बॅचलाही पाणी व्हायचं, आणि तेव्हा विहीर गोड असते. कारण बदलतं आणि लक्षण तेच राहतं, म्हणूनच हा रोग माणसाला चकवतो. थंडीत रात्री घाटाकडून मतलई वारा सुटतो. माझं शेड दक्षिणोत्तर आहे, जागाच तशी मिळाली, त्यामुळे तो वारा लांब बाजूने सरळ आत घुसतो. पिल्लं गारठतील म्हणून मी पडदे खालपासून वरपर्यंत आवळून बांधायचो आणि आत कोळशाची शेगडी ठेवायचो. शेगडी प्राणवायू खाते, धूर आणि अमोनिया आत कोंडतो, आणि तरीही पहाटे पिल्लू गारठतंच. गारठलेलं पिल्लू ऊब टिकवायला जास्त प्राणवायू मागतं. पहिल्या दोन आठवड्यांत हृदयाला बसलेला हा ताण पाचव्या आठवड्यात पोटात दिसतो. तोवर आपण शेगडी विसरून गेलेलो असतो आणि खाद्याला दोष देतो. पावसाळ्यात गारठा कमी, पण पागोळ्यांचं पाणी आत उडतं, तूस भिजतं, पडदे बंद राहतात आणि अमोनिया चढतो.

मेलेला पक्षी उघडून काय बघायचं

आधी एक इशारा. एकाच दिवशी पटापट मोठी मरतुक झाली, तोंड सुजलं, तुरा-पाय काळेनिळे पडले, तर पक्षी उघडू नका, हात लावू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू २००६ मध्ये नवापूरला आला तेव्हापासून हा नियम आपल्या राज्याने मोठी किंमत मोजून शिकलेला आहे.

रोज दोन-चार, तेही भारी वजनाचे नर मरत असतील तर हातमोजे आणि मास्क घालून उघडा. पोटात पिवळसर पाणी आणि जेलीसारख्या गुठळ्या, यकृत सुजलेलं किंवा कडा गोलावलेलं, हृदय मोठं आणि लुळं दिसेल. आता हृदयाचे वरचे कप्पे आणि चरबी कापून टाका, खालचे दोन्ही कप्पे मिळून वजन करा, मग उजव्या कप्प्याची भिंत सोडवून तिचं वेगळं वजन करा. सोनं मोजायचा छोटा डिजिटल काटा यासाठी पुरतो. उजव्याचं वजन एकूण वजनाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त भरू लागलं की फुप्फुसाचा दाब वाढलेला आहे असं समजा. माझ्या एका पक्ष्याचे दोन्ही कप्पे मिळून ८ ग्रॅम भरले आणि त्यातला उजवा ३ ग्रॅम. हा आकडा हाती आल्यावर वाद उरत नाही.

पाणी पोटात नसून हृदयाभोवतीच्या पिशवीत असेल, हृदय सोललेल्या लिचीसारखं त्या पाण्यात तरंगत असेल, तर तो लिची रोग. तो विषाणूचा आहे. १९८७ मध्ये कराचीजवळ अंगारा गोठ इथे तो पहिल्यांदा नोंदला गेला आणि पुढे आपल्याकडेही आला. तिथे पडदे आणि मीठ तपासत बसू नका, लसीकरणाबद्दल डॉक्टरांशी बोला. यकृत पिवळट, ठिसूळ आणि हृदयाची उजवी बाजू मात्र नेहमीसारखी असेल तर मक्यातल्या बुरशीचा संशय घ्या. आपल्या दमट हवेत जुलै-ऑगस्टमध्ये मक्याची पोती जमिनीवर ठेवली की बुरशी लागतेच. फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा, वास आला तर चारू नका. खाद्य घरी मिसळत असाल आणि मॉनेन्सिनसारखं कॉक्सीचं (आतड्यातल्या परजीवीच्या रोगाचं) औषध त्यात असेल तर प्रमाण दोनदा तपासा. जास्त झालं तर ते थेट हृदयाच्या स्नायूलाच मारतं, आणि टियाम्युलिन या अँटिबायोटिकबरोबर ते देणं तर जीवघेणं.

आता मी काय करतो

पाण्यावर सगळ्यात जास्त खर्च केला आणि त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. माझ्या शेडचं छप्पर सुमारे दोन हजार चौरस फूट, म्हणजे १८५ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे छपरावरून साडेपाच लाख लिटर पाणी दरसाल खाडीला मिळत होतं. दोन हजार पक्ष्यांच्या एका बॅचला पिण्यासाठी लागतं पंधरा ते वीस हजार लिटर. पन्हळ लावली, वीस हजार लिटरची झाकलेली टाकी बांधली, पहिले काही पाऊस छप्पर धुऊन जाऊ दिले आणि मग भरली. क्लोरिन घालून ते पाणी एप्रिल-मेच्या बॅचसाठी राखून ठेवतो. टाकी परवडत नसेल तर निम्मं गोड पाणी मिसळलं तरी आकडा निम्म्याच्या जवळ येतो, तेही काही कमी नाही. मार्चपासून दर आठवड्याला आणि प्रत्येक उधाणानंतर मीटर लावतो. आकडा १००० च्या वर गेला की इलेक्ट्रोलाइट आणि सोडा बंद. खारवलेली मासळी खाद्यात पूर्ण बंद.

पडदे आता खालून वर चढवतो आणि वर फूटभर फट कायम मोकळी ठेवतो. थंडीत पूर्वेची बाजू जास्त झाकतो, पश्चिमेची फट रुंद ठेवतो. पिल्लाच्या अंगावर वारा येत नाही आणि कोंडलेली हवा वरून निघून जाते. कोळशाची शेगडी काढून गॅस ब्रूडर घेतला, त्यालाही ताजी हवा लागतेच. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पहाटे चार वाजता शेडमध्ये जाऊन पिल्लाच्या उंचीवर खाली बसतो. माणूस उभा असताना त्याला अमोनिया कळत नाही, बसल्यावर डोळे सांगतात.

सगळ्यात जड गेलं ते वाढ थोडी रोखणं. सातव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत रात्री सहा तास दिवे बंद ठेवतो आणि त्या काळात पेलेटऐवजी (दाबून केलेल्या दाण्यांऐवजी) भरड खाद्य देतो. तिसऱ्या आठवड्यात वजन मागे दिसतं आणि पोटात गोळा येतो. पण तेवढ्यात हृदय आणि फुप्फुसं वाढीला गाठतात, आणि पक्षी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बरंचसं भरून काढतो. गटारीच्या बाजाराला पक्षी लवकर तयार हवेत म्हणून एका आषाढात दिवे बंद केले नाहीत, तेव्हा पाणी पुन्हा दिसलं. मरतुक शून्यावर आलेली नाही. एखाद-दुसरा नर प्रत्येक बॅचला फुगतोच. सुईने त्याचं पाणी काढायच्या फंदात पडू नका, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भरतं आणि जखमेतून जंतू जातात. त्याला बाजूला काढून वेदना न होता संपवणं हीच दया.

हे सगळं करूनही पाणी होतच असेल तर डॉक्टरांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पहाटे मेलेले दोन पक्षी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फावर न्या, ते कुजलेले नकोत. विहिरीचं पाणी स्वच्छ बाटलीत घ्या, आणि ते उधाणाच्या किती दिवसांनी घेतलं ते बाटलीवर लिहा. मूठभर खाद्य, पिल्लं आल्यापासून रोज किती मेली त्याची वही, आणि पक्ष्यांना जे जे पाजलंत त्या सगळ्याचं पाकीट न्या. घरातली गोळी पाजली असेल तर तीही दाखवा. मी ती खिशात लपवून ठेवली होती, आणि गाऊटचा पांढरा थर दिसल्यावरच बाहेर काढली.